स्मोगेनचं मासेमारी बंदर आणि होड्या उतरवायचा रॅम्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनमध्ये राहणारी किंवा उन्हाळ्यात फिरायला येणारी मराठी मंडळी पश्चिम किनाऱ्यावर आली की स्मोगेनला हमखास जातात. लाकडी धक्क्यावर चालायचं, रंगीत खोल्यांसमोर फोटो काढायचे, कोळंबी खायची आणि परतायचं, असा बेत असतो. परत आल्यावर प्रश्न सुरू होतात: या खोल्या कोणाच्या? इथे अजून मासेमारी चालते का? आपली होडी पाण्यात उतरवता येईल का? असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. या गावात सगळ्यात मोलाचं काय, तर इथलं चालतं मासेमारी बंदर, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे उत्तरांत झुकतं माप त्यालाच मिळालं आहे.

स्मोगेन नेमकं कुठे आहे?

गोथेनबर्गहून नॉर्वेच्या सरहद्दीकडे निघालं की बोहुसलेन नावाचा खडकाळ किनारपट्टीचा प्रांत लागतो. त्यातल्या सोतेनेस नगरपालिकेत स्मोगेन हे बेट आहे. समोर मुख्य भूमीवर कुंग्सहाम्न. १९७० साली दोघांमध्ये पूल झाला. त्याआधी फेरीबोटीशिवाय सोय नव्हती. गोथेनबर्गहून गाडीने साधारण दोन तास लागतात, बसनेही जाता येतं.

इतक्या उघड्याबोडक्या खडकावर गाव वसलं तरी का?

शेती नाही, झाडं नावाला, गोड्या पाण्याची टंचाई. जमिनीकडे पाहून इथे कोणी राहायला आलंच नसतं. माणसं आली ती पाण्याकडे पाहून. पुढे उघडा स्कागेराक समुद्र, आणि बेटांच्या मधल्या चिंचोळ्या खाडीत मात्र वारा नाही, लाट नाही. मासे मिळतात तिथून अगदी जवळ, तरी वादळात होडी सुरक्षित राहील अशी जागा. मच्छीमाराला आणखी काय हवं असतं?

बोहुसलेनची बरीचशी मच्छीमार गावं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हेरिंगच्या मोठ्या हंगामांच्या काळात उभी राहिली. तेव्हा हा प्रांत स्वीडनचा नव्हता. तो डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाकडे होता आणि १६५८ च्या रोस्किल्डे तहात स्वीडनला मिळाला. इथल्या बोलीत, आडनावांत आणि होड्यांच्या घाटात नॉर्वेची छाप दिसते ती त्यामुळे.

‘हेरिंगचा काळ’ म्हणजे काय? इथले लोक सारखा त्याचा उल्लेख करतात.

बोहुसलेनचा इतिहास राजांच्या नावांनी लक्षात ठेवण्यापेक्षा हेरिंगच्या येण्याजाण्याने लक्षात ठेवलेला बरा. हेरिंग हा मासा इथल्या समुद्रात नेहमीच थोडाफार असतो. पण अधूनमधून, साधारण शतकातून एकदा, त्याचे प्रचंड थवे शरद ऋतूत आणि हिवाळ्यात थेट किनाऱ्याला लागायचे, खाड्यांमध्ये शिरायचे. काही दशकं हे चालायचं आणि मग एका वर्षी मासा यायचाच नाही.

यातला सगळ्यात गाजलेला काळ १७४७ ते १८०९. मासा इतका जवळ यायचा की मोठ्या जहाजांची गरजच नव्हती. किनाऱ्यावरून लांबलचक जाळं होड्यांनी गोलाकार सोडायचं आणि दोन्ही टोकं जमिनीवरून ओढायची. आपल्या मालवणकडची रापण डोळ्यांसमोर आणा, पद्धत तीच. फक्त इथे बोटं गोठवणारी थंडी असायची आणि काम बऱ्याचदा कंदिलाच्या उजेडात चालायचं. हंगामात आतल्या शेतकरी गावांमधून हजारो माणसं मजुरीसाठी किनाऱ्यावर यायची.

पुढचा मोठा काळ १८७७ ते १९०६ चा. तोवर आगबोटी, रेल्वे आणि बर्फ आला होता. त्यामुळे ताजा मासा परदेशच्या बाजारात पोहोचू लागला.

एवढ्या हेरिंगचं करायचे काय?

सुरुवातीला खारवायचे. साफ केलेला मासा आणि मीठ यांचे थर लाकडी पिंपांत भरायचे, पिंप घट्ट बंद करायचं आणि जहाजावर चढवायचं. मीठ दक्षिण युरोपातून यायचं. मासा जायचा बाल्टिकच्या बंदरांत, आयर्लंडला आणि त्याही पलीकडे. पण खारवून संपणार नाही इतका मासा येऊ लागला, तेव्हा लोक त्याचं तेल काढू लागले. मोठ्या कढयांमध्ये पाणी घालून हेरिंग उकळायचे, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. दिव्यांसाठी, कातडी कमावण्यासाठी आणि साबणासाठी त्याला मोठी मागणी होती. पॅरिसच्या रस्त्यांवरच्या दिव्यांत बोहुसलेनचं तेल जळत होतं, असं इथली माणसं आजही अभिमानाने सांगतात.

१७८० च्या दशकात या किनाऱ्यावर खारवण्याच्या वखारी तीनशेच्या वर आणि तेलाच्या भट्ट्या चारशेच्या वर गेल्या होत्या. आज शांत, स्वच्छ दिसणाऱ्या या खडकांवर तेव्हा धूर, वास आणि चिकट गाळ होता. जळणासाठी मैलोनमैल लाकूड तोडलं गेलं. आधीच विरळ असलेला किनारा आणखी बोडका झाला.

तो गाळ समुद्रातच टाकायचे ना? कोणी अडवलं नाही?

अडवलं, आणि ही हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. तेल काढल्यावर उरणारा चोथा भट्टीवाले सरळ खाडीत लोटून द्यायचे. तळाशी तो कुजायचा, पाणी खराब व्हायचं. यामुळेच उद्या हेरिंग पाठ फिरवील, अशी ओरड मच्छीमारांनीच सुरू केली. भट्टीवाल्यांचं म्हणणं, चोथ्याने माशाला काही होत नाही, उलट खायला मिळतं. प्रकरण सरकारदरबारी गेलं. चौकशी झाली, पाण्याचे आणि गाळाचे नमुने तपासले गेले आणि १७८४ साली तिचा वृत्तांत छापून प्रसिद्ध झाला. चोथा समुद्रात न टाकता बांध घालून केलेल्या खड्ड्यांत साठवावा, असा दंडक होता. अशा खड्ड्यांच्या खुणा काही बेटांवर अजून सापडतात.

सुमारे दोनशे चाळीस वर्षांपूर्वी एका किनाऱ्याने कारखाना विरुद्ध मासा हा वाद कागदोपत्री, पुराव्यानिशी लढवला. स्वीडनमधल्या पर्यावरणाच्या अगदी सुरुवातीच्या वादांमध्ये त्याची गणना होते, आणि ते योग्यच आहे.

मग हेरिंग गेले कशामुळे? चोथ्यामुळेच?

तसं ठामपणे म्हणता येत नाही. थवे त्याआधीच्या शतकांतही असेच आले आणि गेले होते, तेव्हा तेलाच्या भट्ट्या नव्हत्या. संशोधकांचा कल हवामानाकडे आहे: उत्तर अटलांटिकवरच्या वाऱ्यांचा रोख बदलला, हिवाळे कडक झाले की उत्तर समुद्रातले हेरिंग या बाजूला सरकत असावेत. त्या काळच्या माणसांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कोणी देवाचा कोप म्हणालं, कोणी भट्टीवाल्यांना शिव्या दिल्या.

कोकणात आणि गोव्यात ज्यांनी तारलीचे हंगाम पाहिलेत, त्यांना ही घालमेल समजावून सांगायला नको. तारली आणि हेरिंग एकाच कुळातले. दोन्ही थव्याने फिरणारे, तेलकट, आणि दोन्ही एखाद्या वर्षी दगा देणारे. तारली जशी माडांना खत म्हणून घातली जायची, तसं हेरिंगच्या उरल्यासुरल्या भागाचं खत करणारे कारखाने १८७७ नंतरच्या काळात या किनाऱ्यावरही निघाले होते.

१८०९ नंतर गावांचं काय झालं?

हाल झाले. वखारी ओस पडल्या, मजूर परतले आणि ज्यांना परतायला गाव नव्हतं ते मच्छीमार खडकावर उरले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बेटांवर गरिबी भयंकर होती. लोक अंगवळणी पडलेलं सोडून देऊन खोल समुद्राकडे वळले. नॉर्वेच्या किनाऱ्यापलीकडच्या स्टुरेग्गा या खोल पाण्यातल्या कड्यापर्यंत आणि शेटलंड बेटांपर्यंत शिडाच्या जहाजांनी जायचं, हजारो गळांचे लांब दोर टाकायचे आणि लिंग व कॉड हे मोठे मासे धरायचे. ते खारवून, वाळवून विकायचे. स्वीडनमध्ये नाताळला जो पांढरा, थरथरता लुटफिस्क खातात, तो अशाच वाळवलेल्या लिंगपासून होतो.

या मासेमारीचं निम्मं काम किनाऱ्यावर व्हायचं आणि ते बायका-मुलं करायची. खडकांवरून शिंपल्या गोळा करायच्या, थंडगार पाण्यात हात घालून त्या उघडायच्या आणि एकेका गळाला आमिष लावत दोर टोपलीत असा गुंडाळायचा की समुद्रात सोडताना गुंता होता कामा नये. एक टोपली म्हणजे शेकडो गळ. बंदरांच्या इतिहासात तांडेलांची नावं सापडतात, या हातांची सापडत नाहीत. स्मोगेनच्या जुन्या खोल्या पाहताना मला आधी तेच आठवतं.

वादळात बुडालेल्या जहाजांमुळे एकाच गावात एकदम अनेक घरं उघडी पडायची. याच काळात हेन्रिक शार्ताउ (१७५७–१८२५) या धर्मोपदेशकाची कडक शिस्तीची शिकवण किनाऱ्यावर खोल रुजली. रविवारी जाळं टाकायचं नाही म्हणजे नाही, मग समोर मासा उड्या मारत असला तरी.

मिळकतीची वाटणी कशी व्हायची?

पगार नाही, वाटा. विक्रीतून खर्च वजा करायचा; उरलेल्यातला काही भाग होडीचा, काही जाळ्यांचा आणि बाकीचा माणसांचा. ज्याची जाळी जास्त, त्याला त्या प्रमाणात जास्त. मासा मिळाला नाही तर सगळेच उपाशी. ही पद्धत आजच्या बोटींवरही बदललेल्या रूपात टिकून आहे.

बंदराच्या आसपास इतका तासलेला दगड का दिसतो?

कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बोहुसलेनचा ग्रॅनाइट हा दुसरा मोठा धंदा झाला. स्मोगेन-कुंग्सहाम्नच्या परिसरात खाणी निघाल्या. फरसबंदीचे दगड, पायऱ्या, स्मारकांचे चिरे जहाजांनी परदेशी जाऊ लागले. धक्क्यांच्या भिंतीही याच दगडाच्या. १९३० च्या आसपास जगभर मंदी आली, रस्त्यांना डांबर-काँक्रीट लागू लागलं आणि पाथरवट बेकार झाले.

त्यांना काम देण्यासाठी १९३१ ते १९३५ या काळात सोतेन कालवा खोदला. सोतेनेसच्या टोकाबाहेरचा समुद्र बुडालेल्या जहाजांसाठी कुप्रसिद्ध होता. कालव्यामुळे छोट्या होड्यांना तो टाळून आडोशाने उत्तरेकडे जाता येऊ लागलं. आज उन्हाळ्यात शिडाच्या नौकांची तिथे रीघ लागते. बाजूच्या कड्यांवर नजर टाका, दगड किती कष्टाने फोडला आहे ते दिसतं.

रॅम्प नव्हता तेव्हा होड्या पाण्यात कशा उतरवायच्या?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या किनाऱ्यावर भरती-ओहोटी जवळपास नाहीच. पाणी रोज वीस-तीस सेंटिमीटर वर-खाली होतं, बस्स. मुंबईला मोठ्या उधाणाला चार-साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, तिथे होडी कधी काढायची हे भरती ठरवते. स्मोगेनला ते वाऱ्यावर आणि हवेच्या दाबावर ठरतं. पश्चिमेचं वादळ लागून राहिलं तर पाणी मीटरभर चढू शकतं, आणि बरेच दिवस हवेचा दाब जास्त राहिला तर तितकंच उतरतं. म्हणूनच इथे दारातून थेट होडीत पाय टाकता येईल अशा खोल्या पाण्याच्या काठावर बांधता आल्या. आपल्याकडे हे शक्यच नव्हतं.

होड्या फळीवर फळी चढवून, तांब्या-लोखंडाच्या खिळ्यांनी जोडलेल्या असायच्या. त्या हलक्या आणि लवचिक. खडकाच्या उतारावर आडवी लाकडं टाकायची, त्यांना चरबी किंवा माशाचं तेल फासायचं आणि चार-सहा जणांनी होडी सरकवायची. मोठ्या होड्यांसाठी काठावर हाताने फिरवायचा रहाट असायचा. शरद ऋतू संपता संपता होड्या वर काढून शाकारायच्या, वसंतात फळ्यांमधल्या फटी बुजवून, डांबर लावून पुन्हा उतरवायच्या. सुकलेली होडी सुरुवातीचे दिवस गळते. पाण्यात फळ्या फुगल्या की आपोआप घट्ट होते. त्यामुळे होडी उतरवल्यावर तिला काही दिवस तशीच दोराने बांधून ठेवत.

अशा होड्या बांधण्याची नॉर्डिक देशांची परंपरा २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होड्यांना इंजिनं बसली, त्या जड झाल्या, मग लोखंडी रुळांवरचे गाडे आले, क्रेन आली. मोटारगाडीच्या मागे होडी ओढून नेण्याची सोय घरोघरी झाल्यावर आजच्यासारखे काँक्रीटचे रॅम्प आले.

पाण्याकाठच्या त्या लाल, पिवळ्या खोल्या म्हणजे मच्छीमारांची घरं का?

नाही. घरं वर, खडकांच्या आडोशाला एकमेकांना चिकटून बांधलेली. काठावरच्या खोल्यांना शोबूद म्हणतात. खाली जाळी, पिंपं, मीठ, दोर. वर माळ्यावर शिडं आणि वाळत घातलेली जाळी. तिथेच आमिष लावायचं, जाळी विणायची, हवा खराब असेल तर गप्पा मारत बसायचं. लाल रंग बऱ्याचदा फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून केलेला असतो. तो स्वस्त आणि लाकडाला टिकाऊ.

खोल्या जुन्या रूपात, दाटीवाटीने पाहायच्या असतील तर मुख्य धक्क्यावर थांबू नका. बेटाच्या दुसऱ्या बाजूला हासेलोसुंदला चालत जा.

धक्क्यावर दुकानंच दुकानं आहेत. हे कधी झालं?

हळूहळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रस्नानासाठी शहरातले लोक आगबोटींनी किनाऱ्यावर येऊ लागले. मच्छीमार कुटुंबं उन्हाळ्यात चांगली खोली पाहुण्यांना द्यायची आणि स्वतः तळघरात राहायची. पूल झाल्यावर गाड्या थेट बेटावर आल्या. दरम्यान मासेमारीच्या बोटी मोठ्या झाल्या. त्यांना खोल पाणी, ट्रक, बर्फाची सोय लागू लागली आणि त्या नव्या मासळी बंदराकडे सरकल्या. मोकळ्या झालेल्या काठावरच्या खोल्यांत कपड्यांची, आइस्क्रीमची, भेटवस्तूंची दुकानं लागली. सुमारे ६०० मीटरचा हा लाकडी धक्का आता स्वीडनमधल्या सगळ्यात प्रसिद्ध जागांपैकी एक आहे.

गावाला यातून पैसा मिळाला, हे चांगलंच. पण घरांच्या किमती इतक्या चढल्या की मच्छीमाराच्या मुलाला आपल्याच गावात घर घेणं जड झालं. जुलैमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि जानेवारीत असंख्य खिडक्या अंधाऱ्या असतात. वर्षभर राहणारे जेमतेम तेराशे-चौदाशे. या बंदरावर माझा जीव आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो: मासेमारी संपली तर दुकानं काही वर्षं चालतील, पण येणाऱ्यांना दाखवण्यासारखं गावात फारसं काही उरणार नाही.

अजून मासेमारी चालते का?

हो, चालते. बोटी थोड्या उरल्या, पण ज्या आहेत त्या पोट भरण्यासाठी समुद्रात जातात. मुख्य माल कोळंबी, त्याखालोखाल नॉर्वे लॉबस्टर आणि तळचे मासे. स्मोगेनला मासळीचा लिलाव होतो. स्वीडनमध्ये असे लिलाव मोजकेच उरलेत. आता बोली इलेक्ट्रॉनिक पद्धतीने लागते, दूरच्या शहरांतले व्यापारीही भाग घेतात. लिलावाची वेळ बंदरावर विचारून घ्या.

कोळंबीची बोट धक्क्याला लागलेली मिळाली तर जरूर थांबा. ही थंड, खोल पाण्यातली जात जिवंत असतानाच गुलाबी असते. आपल्याकडच्या कोळंबीसारखी शिजवल्यावर करड्याची लाल होत नाही. जाळं वर आलं की कोळंबी चाळणीवरून जाते. मोठी असेल ती बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकळतात, लगेच थंड करून बर्फात घालतात. लहान असेल ती कच्चीच कारखान्यात सोलायला जाते. पेटीतल्या मोठ्या कोळंब्यांच्या पोटाखाली निळसर-हिरवी अंडी दिसतात. ही कोळंबी जन्मतः नर असते आणि काही वर्षांनी तीच मादी होते, म्हणून मोठी कोळंबी बहुतेक मादीच. इथे ती सालासकट किलोवर विकतात. ब्रेडवर लिंबू, शेपू आणि मेयोनीज घालून खातात. मसाला बाजूला ठेवून एकदा तशीच खाऊन पाहा. तिला स्वतःची गोडी आहे.

बोटी इतक्या कमी का झाल्या?

कारणं एकावर एक आली. दोन्ही महायुद्धांत स्कागेराकमध्ये सुरुंग पेरले गेले आणि त्यात तटस्थ स्वीडनचे मच्छीमारही मेले. युद्धानंतर बोटी, जाळी, यंत्रं मोठी झाली आणि उत्तर समुद्रातला हेरिंग उपसला गेला. १९७७ मध्ये तिथली हेरिंगची मासेमारी बंद करावी लागली. त्याच सुमारास देशांनी आपापली सागरी हद्द २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली आणि पूर्वापार चालत आलेली मासेमारीची ठिकाणं स्वीडिश बोटींना बंद झाली. १९९५ ला स्वीडन युरोपीय संघात गेल्यावर कोणी किती मासा धरायचा याचे कोटे ब्रसेल्समध्ये ठरू लागले. २००९ पासून हेरिंगसारख्या थव्याने फिरणाऱ्या माशांचे हक्क विकता येऊ लागले, मग ते मोजक्याच मोठ्या बोटींच्या हाती गेले.

कोटा लागतोच, मासा वाचला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हक्क बाजारात मांडले की छोटं बंदर त्या बाजारात टिकत नाही.

कारखाने आहेत का?

समोरच्या कुंग्सहाम्नमध्ये आहेत. १९५४ सालापासून घराघरांत असलेली, निळ्या ट्यूबमधली ‘काल्लेस कावियार’ ही कॉडच्या खारवलेल्या अंड्यांची पेस्ट तिथे बनते.

सप्टेंबरमधला ‘लॉबस्टरचा सोमवार’ काय असतो?

२० सप्टेंबरनंतरचा पहिला सोमवार, सकाळी सात वाजता. त्या क्षणापासून लॉबस्टरचे पिंजरे टाकायला परवानगी. बोहुसलेनमध्ये त्या दिवशी लोक कामावरून रजा घेतात. पहाटे रॅम्पवर गाड्यांची रांग, होड्यांत पिंजऱ्यांच्या उतरंडी आणि सात वाजायची वाट पाहणारी माणसं.

नियम कडक आहेत, आणि २०१७ पासून आणखी कडक झाले. हौशी माणसाला सहा पिंजरे, धंदेवाल्याला चाळीस. पाठीच्या कवचाची लांबी नऊ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर परत सोडायचा. पोटाखाली अंडी असलेली मादी कितीही मोठी असली तरी परत. हौशी लोकांचा हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो आणि पकडलेला लॉबस्टर त्यांना विकता येत नाही. नियम बदलत राहतात. निघण्यापूर्वी स्वीडनच्या समुद्र आणि जल प्राधिकरणाचं संकेतस्थळ पाहावं.

माझी स्वतःची होडी रॅम्पवरून उतरवता येईल का?

येईल. सोतेनेसच्या किनाऱ्यावर रॅम्प आहेत, काही नगरपालिकेचे, काही नौका-संघांचे. काही ठिकाणी शुल्क लागतं आणि ते बऱ्याचदा स्वीडिश बँक खात्याला जोडलेल्या मोबाइल ॲपवरूनच भरावं लागतं. परदेशातून येणार असाल तर आधी फोन करून विचारा. ट्रेलर कुठे उभा करायचा तेही त्याच वेळी विचारा. जुलैमध्ये बेटावर जागा मिळणं कठीण.

रस्त्यावर ट्रेलरसह वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. साध्या बी परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याहून जड असेल तर गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण मान्य वजन ३,५०० किलोच्या आत हवं.

रॅम्पवर काय काळजी घ्यायची?

तयारी रॅम्पवर नाही, बाजूला करा. सामान चढवा, दोर बांधा, तळाची बुची लावली का पाहा. ही बुची विसरणारे दरवर्षी भेटतात. ट्रेलरच्या दिव्यांची वायर पाण्यात जाण्याआधी काढा. पुढचा पट्टा होडी तरंगेपर्यंत सोडू नका, नाहीतर होडी काँक्रीटवर येते.

रॅम्पच्या पाण्याखालच्या भागावर हिरवं शेवाळ असतं. ते बर्फासारखं निसरडं. चालत जाऊ नका, जायचंच तर कडेने, दोर धरून. आणि काँक्रीट कुठे संपतं ते आधी बघून ठेवा. भरती-ओहोटी नसली तरी वाऱ्याने पाणी उतरलेलं असेल तर चाकं शेवटच्या कडेवरून खाली जातात आणि मग ट्रेलर बाहेर निघत नाही. घरी परतल्यावर चाकं आणि ब्रेक गोड्या पाण्याने धुवा.

मासेमारी बंदराच्या बाजूला, बोटींच्या वाटेत गाडी किंवा होडी लावू नका, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही. तुमची सुट्टी आहे, त्यांच्या पेट्यांतला बर्फ वितळतोय.

होडी चालवायला परवाना लागतो का?

१२ मीटर लांबी आणि ४ मीटर रुंदी या दोन्ही मर्यादा ओलांडणाऱ्या होडीलाच लागतो. त्याहून लहान साध्या होडीला नाही. मात्र वॉटर स्कूटरसाठी २०२२ पासून प्रमाणपत्र आवश्यक आहे.

परवाना लागत नाही म्हणून समुद्र सोपा नाही. इथे पाण्यात बुडालेले खडक पावलोपावली आहेत. सागरी नकाशा हवाच. मे महिन्यात ऊन छान असलं तरी पाणी इतकं थंड असतं की पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात. लाइफ जॅकेट अंगात घाला, बाकाखाली ठेवू नका. आणीबाणीचा नंबर ११२. मदतीला बहुधा सागरी बचाव संस्थेचे स्वयंसेवक येतात. १९०७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देणग्यांवर चालते. किनाऱ्यावर तिची पेटी दिसली तर यथाशक्ती पैसे टाका.

धक्क्यावरून गळ टाकून मासे धरता येतात का?

समुद्रात हातातल्या गळाने मासे धरायला स्वीडनमध्ये सगळ्यांना मोकळीक आहे, शुल्क नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बांगड्याचा भाऊबंद असलेला मॅकरेल मिळतो आणि मुलांना त्याचा फार आनंद होतो. कॉडबाबत निर्बंध कडक आहेत, आधी वाचून घ्या. बंदरातल्या बोटींजवळ आणि पोहण्याच्या जागी गळ टाकू नका. लहान मुलांचा आवडता खेळ म्हणजे दोरीला शिंपला बांधून खेकडे पकडणं. खेळ झाला की खेकडे परत पाण्यात सोडायचे, बादलीत उन्हात ठेवायचे नाहीत.

बंदरातलं पाणी स्वच्छ आहे का?

डोळ्यांना स्वच्छ दिसतं. पोहायचं असेल तर वालेविकला जा, बंदरात नाही. होड्यांच्या तळाला शिंपल्या चिकटू नयेत म्हणून पूर्वी टीबीटी नावाचं विषारी रसायन असलेला रंग लावत. छोट्या होड्यांसाठी त्यावर १९८९ ला बंदी आली, पण स्वीडनच्या बंदरांच्या आणि रॅम्पच्या आसपासच्या गाळात ते अजून सापडतं. तेलाच्या भट्ट्यांच्या चोथ्यानंतर किनाऱ्याच्या तळाशी साठलेला हा दुसरा गाळ, आणि बांध घालून वेगळा काढता येईल असा तो नाही. १ एप्रिल २०१५ पासून होडीतल्या शौचालयाचं पाणी समुद्रात सोडायला मनाई आहे. ते उपसून घेण्याची सोय बंदरांत असते.

कधी जावं?

गर्दी, संगीत आणि उशिरापर्यंतचा उजेड हवा असेल तर जुलै. बंदर पाहायचं असेल तर सप्टेंबर किंवा मे. दुकानं अर्धी बंद असतील, पण बोटी येतात-जातात, माणसांना बोलायला वेळ असतो आणि गाडी लावायला जागा मिळते. हंगामात होल्लो बेटावर बोटीने जाता येतं. तिथलं दीपगृह १८४२ चं आहे आणि बर्फयुगात पाण्याने कोरलेले रांजणखळगे पाहण्यासारखे आहेत. हंगामाबाहेर या बोटींच्या फेऱ्या कमी होतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहून घ्या आणि वारा जोराचा असेल तर पर्यायी बेत ठेवा.